कामटी, कागद आणि काटकोन

संक्रांत आठवड्यावर आली की आमच्या शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन प्रकारची मुले येऊ लागतात. पहिली म्हणजे मांज्याने बोट, गाल, कधी गळाही कापलेली. दुसरी म्हणजे डोके किंवा पोट दुखते अशी तक्रार असलेली, पण तपासणीत काहीच न सापडणारी. सुट्टी संपून शाळा सुरू झालेली असते, चाचण्या जवळ आलेल्या असतात. पहिल्या मुलांविषयी दरवर्षी लिहून येते आणि यायलाच हवे. आज मला दुसऱ्या मुलांविषयी लिहायचे आहे. गंमत अशी की त्यांच्या दुखण्यावरच्या उपायाचा एक लहानसा भाग त्याच पतंगात आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतच एक आजी सहावीतल्या नातवाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, याचं पोट आठवड्यातनं दोन-तीनदा दुखतं. पण रविवारी कधी म्हणजे कधी दुखत नाही." निम्मे निदान त्या एका वाक्यात होते. वजन-उंची वयाप्रमाणे, पोट मऊ, ताप नाही, उलट्या नाहीत, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे नाही. कोणत्या वारी दुखते ते विचारत गेलो, तेव्हा गणिताचा तास पहिला असलेले दिवस निघाले. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्या बोटांना वाळलेली खळ चिकटलेली दिसली. आजी म्हणाल्या, "आमच्याकडं हंगामात पतंग करतात. घरात सगळ्यात भरभर हात याचाच चालतो. शाळेत मात्र ढ."

केसपेपर उलटा करून मी त्याच्यापुढे सरकवला. म्हटले, "बाळा, मला पतंग काढून दाखव." त्याने चार रेघांत काढला, मधली काडी आणि वरची कमानही दाखवली.

"पतंग एका बाजूला पडू नये म्हणून काय करतोस?"

"कमान दोन्हीकडं सारखी वाकली पाहिजे. एकीकडं जास्त वाकली की त्या अंगाला पडतो."

"सारखी वाकली हे कसं कळतं?"

"कागद आधी उभा दुमडायचा. टोकाला टोक लागलं की मधली रेघ आपोआप येते. काडी त्या रेघेवर."

"आणि डावं टोक ते उजवं टोक असा दोरा ताणला, तर तो मधल्या रेघेवर कसा बसेल?"

त्याने दोन तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या. "अशी सरळ फुली."

"अरे, ही मधली रेघ म्हणजे सममितीचा अक्ष आणि ही फुली म्हणजे काटकोन. तुला तर येतंय की सगळं!"

मी त्याची चेष्टा करतोय की काय, अशा नजरेने तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे गणितात येतं?"

हा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. ज्या मुलाच्या हाताला काटकोन कळतो, दुभाजक कळतो, त्याला वर्गात मात्र आपल्याला काहीच येत नाही असे वाटत होते. इतके, की त्याचे पोट दुखत होते. आणि ते दुखणे खोटे नव्हते. भीतीने आतड्यांची हालचाल खरोखर बदलते, वेदना खरोखर होते. म्हणून अशा मुलाला "नाटकं करू नकोस" म्हणणे ही चुकीची चिकित्सा आहे.

आयुष्याच्या दोन टोकांना एक आकृती

भूमिती आणि वैद्यक यांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. आम्ही डॉक्टर रोज भूमितीची परीक्षा घेतो, फक्त तिला ते नाव देत नाही.

मुलांच्या विकासाची तपासणी करताना आम्ही त्यांना आकृत्या पाहून काढायला सांगतो. तीन वर्षांचे मूल साधारणपणे गोल पाहून गोल काढते. चौथ्या वर्षाच्या आसपास अधिकचे चिन्ह जमते. पाचव्याच्या सुमारास चौरस आणि मग त्रिकोण येतो. शंकरपाळीचा आकार, म्हणजेच पतंगाचा आकार, मात्र सहा-सात वर्षांचे होईपर्यंत बहुतेकांना नीट जमत नाही. आडवी आणि उभी रेघ सोपी असते. तिरकी रेघ अवघड. त्यातही नेमक्या जागी वळायचे, उलट्या दिशेने तेवढेच यायचे आणि सुरुवातीच्या बिंदूला परत मिळायचे, यासाठी डोळा, हात आणि मेंदू यांचे एकमेकांशी चांगले जुळावे लागते. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, त्यामुळे वर्षभर इकडेतिकडे झाले तर घाबरण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाला आमचे वृद्ध रुग्ण. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशाची शंका आल्यावर आम्ही त्यांनाही आकृती पाहून काढायला सांगतो. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन हा त्यातला नेहमीचा नमुना. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर घरांचे आराखडे काढले, त्यांना मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला, म्हणजे पॅरायटल लोबला इजा झाल्यावर साधा चौकोन बंद करता येत नाही. हातात ताकद असते, डोळ्यांना दिसत असते. पण जागेचे भान हरवलेले असते.

याच भागाशी जोडलेले एक लक्षणचित्र ऑस्ट्रियातील मेंदूरोगतज्ज्ञ जोसेफ गेर्स्टमान यांनी १९२४ पासूनच्या लेखनात मांडले. अशा रुग्णाला स्वतःची बोटे कोणती ते सांगता येत नाही, डावे-उजवे कळत नाही, लिहिता येत नाही आणि हिशेब जमत नाही. बोटे, दिशा, लेखन आणि गणित या चार गोष्टी वरवर वेगळ्या, पण मेंदूत शेजारी. यावरून बोटे चालवली की गणित येते असा सरळ निष्कर्ष काढता येणार नाही, आणि मी तो काढतही नाही. पण गणित फक्त डोक्यात होते आणि हात हा डोक्याचा नोकर आहे, ही आपली जुनी समजूत मात्र त्यामुळे डळमळीत व्हायला हवी.

टोकावर उभा राहिलेला चौरस

आमच्या शालेय आरोग्य तपासणीच्या निमित्ताने मी वर्गावर्गांतून जातो. वजनकाटा लावेपर्यंत थोडा वेळ मिळतो. अशा वेळी मी एक कागदी चौरस हातात धरून विचारतो, हा कोणता आकार? सगळा वर्ग ओरडतो, "चौरस!" मग तोच कागद मुलांसमोर फिरवून टोकावर उभा करतो. आता? निम्मा वर्ग म्हणतो, "शंकरपाळी!" काही म्हणतात, "पतंग!" चौरस गेला कुठे, विचारले तर एक मुलगी म्हणाली होती, "तो आता तिरका झाला ना, डॉक्टर."

हे अडाणीपण नव्हे. नेदरलँड्समधील पिअर व्हॅन हीले आणि डीना व्हॅन हीले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांत मुलांच्या भूमितीच्या समजुतीच्या पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार रूपावरून ओळखते. खिडकीसारखा दिसतो म्हणून चौरस. दुसऱ्या पायरीवर गुणधर्म दिसू लागतात, म्हणजे चार बाजू सारख्या, चार कोन सारखे. त्यापुढच्या पायरीवर गुणधर्मांचे आपसातले नाते कळते. चौरस हा समभुज चौकोनही आहे, हे तेव्हा पटते. त्यांचे महत्त्वाचे म्हणणे असे, की या पायऱ्या नुसत्या वाढत्या वयाने चढल्या जात नाहीत, शिकण्याच्या अनुभवाने चढल्या जातात. आणि शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत असेल व मूल खालच्या पायरीवर उभे असेल, तर दोघे एकच शब्द वापरूनही एकमेकांना समजत नाहीत.

आपल्या वर्गांत नेमके हेच घडते. आपण व्याख्येपासून सुरुवात करतो. "ज्या चौकोनाच्या लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असतात त्यास पतंग म्हणतात." मूल वाक्य पाठ करते. पण त्याने छतावरून उडवलेला पतंग आणि पुस्तकातला पतंग यांची गाठ पडत नाही. शिवाय दोन्हींचे रूपही वेगळे असते. पुस्तकातला पतंग वर आखूड, खाली लांब. आपल्या बाजारातला संक्रांतीचा पतंग म्हणजे जवळपास चौरस कागद, टोकावर उभा केलेला. मग खरा पतंग कोणता? हा प्रश्न मुलांपुढे ठेवून बघा. वर्गात भांडण होते आणि त्या भांडणातच भूमिती होते. व्याख्या वाचा, बाजू मोजा आणि सांगा. चौरसात लगतच्या बाजूंच्या जोड्या समान आहेत का? आहेत. म्हणजे चौरस हासुद्धा पतंगच. पाठ करून जे वर्षभरात उमगत नाही, ते बाजारातला एक पतंग फाडून अर्ध्या तासात उमगते.

त्रेसष्ट आणि चाळीस

आता प्रत्यक्ष कृती. पाचवी ते आठवीच्या मुलांना घरी किंवा शाळेत करता येईल अशी. साहित्य म्हणजे बांबूच्या दोन पातळ कामट्या, एक ६३ सेंटिमीटर आणि दुसरी ४० सेंटिमीटर. सुती दोरा, खळ, कात्री, पट्टी, कोनमापक आणि हेच वर्तमानपत्र. त्याचे मोठे पान पूर्ण उघडून पसरले की पतंग त्यात मावतो.

आधी नुसत्या कागदावर. ६३ बाय ४० चा आयत कापा. उभी घडी घालून मधली रेघ पाडा. वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर खाली आडवी घडी घाला. आता या दोन घड्यांची चार टोके सरळ रेघांनी जोडून कापा. हातात पतंगाचा आकार येईल आणि कोपऱ्यांचे चार त्रिकोण खाली पडतील. ते टाकू नका. मुलांना सांगा, हे चार तुकडे पतंगावर बसवून दाखवा. ते फिरवून, उलटवून तंतोतंत बसतात. कुठे फट नाही, कुठे उरत नाही. म्हणजे पतंग हा आयताच्या बरोबर निम्मा. ६३ गुणिले ४० भागिले २, म्हणजे १२६० चौरस सेंटिमीटर. कर्णांच्या गुणाकाराची निमपट हे सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी मुलांच्या हातात आलेले असते.

मग सांगाडा. आखूड कामटीचा मध्य शोधायचा, पण पट्टीने नको. बोटावर तोलून शोधू द्या. तो मध्य लांब कामटीच्या वरच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर ठेवून घट्ट बांधायचा. काटकोन आला का, हे तपासायला एखादा कागद दोनदा दुमडून त्याचा कोपरा फुलीत बसवून पाहायचा. मग चारी टोकांवरून दोरा ताणून घ्यायचा. दोऱ्याची लांबी मोजा. वरच्या बाजू २५-२५ सेंटिमीटर येतील, खालच्या ५२-५२. एकूण १५४. माझी ही मापे मुद्दाम निवडलेली आहेत. १५, २० आणि २५ हा एक काटकोन त्रिकोण, २०, ४८ आणि ५२ हा दुसरा. आठवीच्या पुढच्या मुलांनी पायथागोरसचा सिद्धांत लावून दोऱ्याची लांबी आधी काढावी आणि मग मोजावी. गणिताने सांगितले तेवढाच दोरा लागतो, हे पाहून मुलांचे चेहरे कसे होतात, ते एकदा बघाच.

कोन मोजायला सांगा. वरचा साधारण १०६ अंश, खालचा ४५ आणि बाजूचे दोन्ही १०४. बाजूचे दोन कोन सारखे का, हे घडी घातली की दिसते. आता बेरीज करा. ३५९ येते. एक अंश गेला कुठे? कुणीतरी म्हणेल, पुस्तकात ३६० लिहिलेय. मग सांगायचे, पुस्तक बरोबर आणि तुम्हीही बरोबर. कोनमापकावर आपण जवळच्या पूर्ण अंशाला थांबतो. थोडे थोडे सोडलेले शेवटी एक अंश होऊन समोर येते. मोजमापात चूक असतेच आणि ती किती आहे हे ओळखणे म्हणजे विज्ञान. ताप मोजताना, रक्तदाब मोजताना आम्ही हेच करतो.

शेवटी कागद चिकटवायचा. खळीसाठी कडेने एक बोटभर कागद जास्त ठेवायचा, उभ्या कामटीला सुत्तर बांधायचे आणि खाली चिंधीचे शेपूट जोडायचे. असा सपाट पतंग शेपटाशिवाय स्थिर राहत नाही. आणि मग मैदानात न्यायचा. आडव्या कामटीचा मध्य अर्ध्या सेंटिमीटरने चुकला असेल तर पतंग एका बाजूला कलतो आणि गोते खातो. इथे कुणी लाल पेनने फुली मारत नाही, कुणी "ढ" म्हणत नाही. मूल पतंग खाली उतरवते, बघते, दुरुस्त करते, पुन्हा उडवते. चूक ही शिक्षा नसून माहिती असते, हे गणिताच्या तासाला घाबरणाऱ्या मुलाला कितीही समजावून पटत नाही. पतंग ते दोन मिनिटांत पटवतो.

ही कल्पना नवी नाही

मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. बालवाडीतल्या मुलांना खेळायला दिल्या जाणाऱ्या घडीच्या कागदांवरून त्यांना ते सुचले. पट्टी आणि कंपास न वापरता, फक्त घड्या घालून चौरस, षट्कोन, पंचकोन कसे करायचे हे त्यांनी दाखवले. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या लेखनात त्याची दखल घेतली, आणि पुढे अमेरिकेतही ते छापले गेले. हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार महात्मा गांधींनी १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यातल्याच परिषदेत देशापुढे ठेवला. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-गणिताची खेळणी करून दाखवली आणि ती हजारो शिक्षकांपर्यंत पोहोचवली. म्हणजे आपल्याकडे कल्पनेचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो वेळापत्रकातल्या जागेचा आणि हाताच्या कामाविषयीच्या आदराचा.

"अभ्यासक्रम पुरा करायचाय, पतंग कुठे करत बसू?" असे शिक्षक म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. एका वर्गात पन्नास-साठ मुले, वर शाळाबाह्य कामे. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडून मुलांनी शिकावे, असे म्हटलेले आहे. माझी सूचना एवढीच, की त्या दहांपैकी दोन दिवस संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात ठेवावेत आणि गावातल्या पतंग करणाऱ्या कारागिराला मानाने, मानधन देऊन, वर्गात बोलवावे. येवल्यासारख्या गावात, जिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आकाश पतंगांनी भरलेले असते आणि आसारीवर हात बसलेली माणसे गल्लोगल्ली आहेत, तिथे भूमितीच्या शिक्षकांची कमतरता कशी म्हणायची? कारागिराने हात दाखवावा, गणिताच्या बाईंनी किंवा सरांनी त्याला शब्द द्यावा. दोघे मिळून शिकवतील ते एकट्याने होणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आपोआप साधेल. पतंग मुले उडवतात आणि मुलींच्या हाती फिरकी धरायला दिली जाते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. वर्गात प्रत्येकाने स्वतःचा पतंग करायचा आणि स्वतःच उडवायचा म्हटले, की फिरकी आळीपाळीने सगळ्यांच्या हाती जाईल. "मुलींना भूमिती जड जाते" असे म्हणणाऱ्यांनी आधी मुलींच्या हातात कामटी किती वेळा दिली, ते आठवावे.

डॉक्टर म्हणून चार गोष्टी

पहिली, पतंगामुळे गुण वाढतील असे आश्वासन मी देत नाही. माझ्यापाशी तसा पुरावा नाही. मी एवढेच म्हणतो, की समजलेली गोष्ट भीतीदायक राहत नाही आणि हाताने केलेली गोष्ट लवकर समजते.

दुसरी, हे काम करताना मुलांकडे नीट बघा. सात-आठ वर्षांचे होऊनही कात्री अजिबात धरता न येणे, साध्या आकृत्या न जमणे, सतत डावे-उजवे गोंधळणे, फळ्यावरचे न दिसणे, वस्तू फार जवळ धरणे, अशा गोष्टी दिसल्या तर त्यांना आळशी ठरवू नका. आधी डोळे तपासा. मग जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा. तिथे ही तपासणी मोफत होते. शिकण्यातली अडचण लवकर ओळखली तर मदत करता येते. आणि पोटदुखीबरोबर वजन घटत असेल, ताप, सतत उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, किंवा दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, तर गणिताला दोष न देता थेट डॉक्टरांकडे या.

तिसरी, पतंग मुलाला घराबाहेर नेतो. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर ठेवले गेले. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती, जास्त वेळ बाहेर राहिलेल्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. मोबाइलच्या पडद्यापासून डोळे उचलून आकाशाकडे नेणारा खेळ म्हणून पतंगाचे मोल मोठे आहे. फक्त सूर्याकडे तोंड करून उडवू नका, सूर्य पाठीशी ठेवा.

चौथी सर्वांत महत्त्वाची. वर्गातल्या पतंगाला साधा सुती दोरा पुरतो. नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो आणि आम्ही त्याच्या जखमा शिवत बसतो. दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरणारा, पक्ष्याचा पंख तोडणारा धागा ज्या हातात आहे, त्या हाताला काटकोन शिकवून काय उपयोग? कठडा नसलेल्या गच्चीवर आणि विजेच्या तारांजवळ पतंग नको. तारेत अडकलेला पतंग काठीने काढायचा नाही, सोडून द्यायचा. मांज्याने कापले तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे घट्ट दाबून धरा, मध्येच उघडून पाहू नका. जखम गळ्यावर असेल तर दाबून धरतच रुग्णालय गाठा. आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करा.

त्या सहावीतल्या मुलाचे पुढे काय झाले? चमत्कार वगैरे काही झाला नाही. मी आजींना सांगितले, पोट खरेच दुखते आहे पण आतड्याला रोग नाही, रागावू नका. शाळेतल्या बाईंना एक चिठ्ठी लिहिली, की या मुलाकडून वर्गाला पतंग करून दाखवायला सांगा. बाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याला फळ्यापाशी उभे केले, त्याने कामटी वाकवून दाखवली आणि प्रत्येक गोष्टीचे गणितातले नाव बाईंनी फळ्यावर लिहिले. दोन महिन्यांनी आजी पुन्हा आल्या, स्वतःचे गुडघे दाखवायला. नातवाचे विचारले तर म्हणाल्या, "पोट आता क्वचित दुखतं. गणितात पास झाला हो, पहिला-बिहिला नाही आला. पण आता घरी कागद दुमडताना आम्हालाच सांगतो, आजी, हा अक्ष बरं का."

मला तेवढे पुरे आहे. या आठवड्यात तुमच्या घरी पतंग येईल तेव्हा तो लगेच उडवू नका. आधी मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या आणि विचारा, हा सरळ का उडतो? उत्तर चुकले तरी चालेल. दुसरा पतंग तिला स्वतः करू द्या.